एका सकाळचे अकराशे फोटो आणि तीन सॉफ्टवेअर : माझ्या कामाला नेमकं कोणतं बसेल?

पाणकावळा

नमस्कार मंडळी,

गेली आठ वर्षं मी पक्ष्यांचे फोटो काढतोय. आठवड्यातून एकदा उजाडायच्या आत पाण्याकाठी जाऊन बसायचं आणि ऊन चढलं की परतायचं, असा शिरस्ता. जुन्या कॅमेऱ्यावर एका सकाळी दीडदोनशे फोटो व्हायचे. नवा कॅमेरा सेकंदाला २० फ्रेम काढतो. खंड्याने एक सूर मारला की साठ फ्रेम, म्हणजे अकराशे-बाराशे कधी होतात ते कळतही नाही.

अडचण घरी आल्यावर सुरू होते. लॅपटॉपवर सध्या फोटो संपादनाची तीन सॉफ्टवेअर आहेत. लाइटरूम क्लासिक, ज्याची वर्गणी दोन महिन्यांनी संपतेय. डार्कटेबल, एका मित्राने आग्रहाने बसवून दिलेलं. आणि डीएक्सओ फोटोलॅबची चाचणी आवृत्ती, नॉईज (अंधुक उजेडातल्या फोटोवर दिसणारे दाणे) छान काढतं असं ऐकून उतरवलेली. तिन्हींमध्ये माझं काम अर्धवट पडलंय. मागच्या महिन्यात एकाने बगळ्याचा एक फोटो मागितला. तो मी मन लावून केला होता हे पक्कं आठवत होतं, पण कशात केला होता ते आठवेना. अख्खी संध्याकाळ शोधण्यात गेली आणि शेवटी मूळ रॉ फाईलवरून, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेल्या कच्च्या फाईलवरून, पुन्हा नव्याने केला.

आता एकाच ठिकाणी बस्तान बसवायचं ठरवलंय. छायाचित्रण हा माझा पोटापाण्याचा उद्योग नाही. लॅपटॉपला ८ जीबी रॅम आहे, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. जुने फोटो साधारण चाळीस हजार. काय घेऊ? आणि वर्गणी थांबवली तर लाइटरूममधल्या कामाचं काय होईल?

चालताबोलता

वाचतोय. माझाही हाच प्रश्न आहे, फक्त फोटो कमी आणि गोंधळ तेवढाच.

निळाई

सॉफ्टवेअर ठरवण्याआधी एक करा. पुढच्या खेपेला घड्याळ लावून बसा. कार्डावरून उतरवायला किती वेळ, निवडायला किती, उजेड-रंग नीट करायला किती, नावं टाकायला किती आणि शेवटी जेपेग बाहेर काढायला किती, असे पाच आकडे कागदावर लिहा.

मी दोन वर्षांपूर्वी लिहिले होते. तोवर मला वाटायचं की आपलं मास्किंग (फोटोचा ठरावीक भाग निवडून तेवढाच बदलणं) कच्चं आहे, म्हणून उशीर होतो. आकडे बघितले तर संपादनाला ४० मिनिटं आणि त्याआधी निवडायला अडीच तास! मास्किंगचे तासन् तास व्हिडिओ बघत होते, आणि दुखणं भलतीकडेच होतं.

मध्यमा

निळाईला पूर्ण अनुमोदन. मी समारंभांचे फोटो काढते, हाच माझा व्यवसाय आहे. एका दिवसाचे तीन हजार फोटो असतात आणि चौथ्या दिवशी लोक फोन करायला लागतात, त्यामुळे या एका गोष्टीवर मी खूप डोकं घातलंय.

रॉ फाईलच्या पोटात कॅमेऱ्याने स्वतः बनवलेलं एक जेपेग असतं. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर आपल्याला दिसतं ते तेच. फोटो मेकॅनिकसारखं सॉफ्टवेअर ते जेपेग जसंच्या तसं दाखवतं, म्हणून कळ दाबली की पुढचा फोटो तयार असतो. संपादनाचं सॉफ्टवेअर मूळ रॉ उलगडून चित्र बांधायला घेतं. जुन्या लॅपटॉपवर त्याला फोटोमागे दीड सेकंद लागला असं धरा, तर हजार फोटोंना नुसतं वाट बघण्यात २५ मिनिटं गेली. आणि खरं नुकसान वेळेचं नाहीये. दोन जवळजवळ सारख्या फ्रेममध्ये डोळा कुठे जास्त नीट आहे हे लागोपाठ बघितलं तरच कळतं. मध्ये चित्र धूसर होऊन मग सावकाश स्पष्ट झालं की आधीचा फोटो डोळ्यापुढून गेलेला असतो.

लाइटरूम क्लासिकमध्येही यावर उपाय आहे. इम्पोर्ट करताना प्रीव्ह्यूच्या यादीत 'एम्बेडेड अँड साइडकार' निवडा, म्हणजे तेही पोटातलं जेपेगच दाखवतं. मग निवड करताना कॅप्स लॉक लावून ठेवा, म्हणजे पी दाबलं की फोटोला खूण होऊन पुढचा आपोआप येतो. 'नको'साठी एक्स.

माझी पहिली फेरी फक्त 'हो'ची असते. जो फोटो बघून हात थांबला त्याला पी, बाकीच्यांना काहीही नाही. 'नाही' ठरवायला बसलं की प्रत्येक फोटोत कारण शोधलं जातं आणि तिथेच रात्र होते.

स्पष्टवक्ता

माझं मत वेगळं आहे. रोग कॅमेऱ्याच्या बटणात आहे आणि औषध सॉफ्टवेअरमध्ये शोधताय. सेकंदाला २० फ्रेम काढायलाच हव्यात का? मी सेकंदाला पाचवर ठेवतो, एक्स्पोजर जागेवरच नीट करतो, जेपेग काढतो आणि घरी येऊन फक्त कापतो. फोटो बघायला आलेला माणूस सॉफ्टवेअर विचारत नाही.

पाणकावळा

स्पष्टवक्ता, कमी फ्रेमचा मुद्दा मान्य. झाडावर शांत बसलेल्या पक्ष्यालाही मी बटण दाबून धरतो, ही सवय मोडायला हवी. पण खंड्याची चोच पाण्याला टेकते तो क्षण पाच फ्रेममध्ये हुकतो. तीन वर्षं हुकत होता, म्हणून तर कॅमेरा बदलला.

जेपेगचं मात्र माझ्याच्याने होणार नाही. सकाळच्या तिरप्या उन्हातला बगळा घ्या. जेपेगमध्ये त्याची पाठ म्हणजे पांढरा कागद. त्याच फोटोची रॉ उघडून हायलाइट, म्हणजे सगळ्यात उजळ भाग, खाली ओढले की विणीच्या हंगामात पाठीवर येणारी ती लांब, झिरझिरीत पिसं एकेक करून दिसायला लागतात. टोकाकडे तर एका पिसाचे तंतू दुसऱ्याच्या सावलीवर पडलेले दिसतात. ते दिसावं म्हणून तर मी पहाटे उठतो.

टक्स

बगळ्याचं उदाहरण नेमकं आहे, त्यावरच बोलतो.

जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला ८ बिट, म्हणजे २५६ पायऱ्या. १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. त्या सगळ्या डोळ्याला वेगळ्या दिसतात असं नाही, पण फोटो ओढायला-ताणायला जागा राहते. दुसरं असं की कॅमेऱ्याच्या पडद्यावरचा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) सहसा त्या पोटातल्या जेपेगवरून काढलेला असतो. तो म्हणतो पाठ जळली, आणि रॉमध्ये ती शाबूत असते. मध्यमाताईंची पद्धत वेगासाठी उत्तम आहे, पण पांढऱ्या पक्ष्यांच्या बाबतीत पोटातलं जेपेग बघून फोटो बाद करू नका. फास्टरॉव्ह्यूअर म्हणून एक छोटं सॉफ्टवेअर आहे. ते खऱ्या रॉचा हिस्टोग्राम दाखवतं, आणि चालतंही झपाट्याने.

आता डार्कटेबल. मी दहा वर्षं वापरतोय. फुकट आहे म्हणून घेऊ नका, त्याचा विचार पटला तर घ्या. लाइटरूममधून आलेला माणूस डार्कटेबल उघडतो, शंभर पट्ट्या हलवतो आणि वैतागून बंद करतो. चूक त्याची नसते, क्रम उलटा असतो. इथे प्रत्येक कामाला वेगळं साधन असतं, त्याला मॉड्यूल म्हणतात. आधी एक्स्पोजर मॉड्यूलने पक्ष्याचं अंग, म्हणजे मधला उजेड, जागेवर आणायचा. बगळ्याची पाठ तेव्हा जळालेली दिसेल, दिसू दे. त्यानंतर फिल्मिक किंवा सिग्मॉइड या मॉड्यूलकडे जायचं. दृश्यातला सगळा उजेड पडद्यावर मावेल असा दाबून बसवणं हे त्यांचं काम, आणि मग पिसं परत येतात. हा क्रम एकदा अंगात मुरला की माझ्या ९० टक्के फोटोंना पाचच मॉड्यूल लागतात. त्यांची एक स्टाईल करून ठेवली आहे, निवडलेल्या सगळ्या फोटोंना ती एका झटक्यात लावतो.

नॉईज काढायचं मॉड्यूल तुमच्या कॅमेऱ्याचं आणि आयएसओचं मोजमाप करून बनवलेलं प्रोफाइल वापरतं. ते लावा आणि आधी आहे तसं बघा. 'डिफ्यूज ऑर शार्पन' मात्र ग्राफिक्स कार्ड नसेल तर जपून, लॅपटॉप घाम काढेल.

चालताबोलता

अवांतर : मी फोनवर स्नॅपसीडमध्येच सगळं करतो. 'सिलेक्टिव्ह'ने पक्ष्यावर बोट ठेवायचं, दोन बोटांनी वर्तुळ लहान-मोठं करायचं, उजेड वाढवायचा. पाच मिनिटांत काम फत्ते.

मध्यमा

@चालताबोलता, ती बिंदू ठेवून करायची युक्ती मूळची निक सॉफ्टवेअरची, यू पॉइंट. स्नॅपसीडही त्यांचंच, २०११ चं. २०१२ मध्ये गूगलने ती कंपनी घेतली आणि २०१७ मध्ये निक कलेक्शन डीएक्सओकडे गेलं. म्हणजे तुम्ही फोनवर बोटाने करता तेच फोटोलॅबमध्ये कंट्रोल पॉइंटने होतं. मोठ्या पडद्यावर यावंसं वाटलं तर तिथे तुमचा हात आधीच बसलेला असेल.

चालताबोलता

हे माहीतच नव्हतं! आजच चाचणी आवृत्ती उतरवतो.

रंगारी

मी वस्तूंचे फोटो काढतो : घड्याळं, भांडी, बाटल्या. माझी गरज पाणकावळ्यांपेक्षा एकदम वेगळी, म्हणून लिहितोय. 'कोणतं चांगलं' याचं उत्तर कसं बदलतं ते यावरून दिसेल.

माझा कॅमेरा वायरने संगणकाला जोडलेला असतो. ग्राहक शेजारी बसून मोठ्या पडद्यावर बघत असतो. मी बटण दाबलं की दोन सेकंदांत फोटो तिथे यायला हवा, आणि आधीच्या फोटोवर केलेले रंग त्याच्यावर आपोआप चढलेले हवेत. यासाठी कॅप्चर वन हे सॉफ्टवेअर. त्यातलं सेशन मला फार सोयीचं पडतं. एका कामाचं एक फोल्डर, आत कॅप्चर, सिलेक्ट्स, आउटपुट आणि ट्रॅश अशी चार खोकी. काम संपलं की अख्खं फोल्डर उचलून दुसऱ्या डिस्कवर ठेवायचं. सहा महिन्यांनी तसंच उघडलं तर सगळे बदल जागेवर असतात.

पण चाळीस हजार पक्ष्यांमधून 'खंड्या, सूर, मासा' असं शोधायचं असेल तर सेशन कामाचं नाही. तिथे कॅटलॉगच हवा, म्हणजे सगळ्या फोटोंची एकत्र नोंद.

स्पष्टवक्ता

बगळ्याच्या पिसांचं वाचून काल माझाच एक जुना फोटो काढून बघितला. कॅमेऱ्याने रॉ आणि जेपेग दोन्ही ठेवले होते, हे विसरून गेलो होतो. ढगांमध्ये खरंच बरंच काही दडलेलं निघालं. फ्रेम कमी काढा हे मात्र अजूनही म्हणेन.

शून्यएकशून्य

मूळ धाग्यातला महत्त्वाचा प्रश्न मागे पडलाय : वर्गणी थांबली तर कामाचं काय? आधी त्याचं उत्तर. लाइटरूम क्लासिकची वर्गणी संपली की डेव्हलप आणि मॅप हे दोन विभाग बंद होतात. फोटो बघणं, शोधणं आणि आधी केलेल्या बदलांसकट एक्स्पोर्ट करणं चालू राहतं. म्हणजे कुलूप लागत नाही, नवं काम मात्र करता येत नाही.

आता त्याखालचा प्रश्न : तुमचे बदल राहतात कुठे? फोटोत नाहीत. रॉ फाईलला कुणी हात लावत नाही. 'उजेड इतका वाढव, इथे काप' अशा सूचना वेगळ्या लिहून ठेवलेल्या असतात. लाइटरूम क्लासिक त्या एका कॅटलॉग फाईलमध्ये ठेवतं, ती आतून साधा एसक्यूलाइट डेटाबेस आहे. त्याच सूचना फोटोशेजारच्या एक्सएमपी फाईलमध्येही लिहायची सोय आहे, पण ती मुळात बंद असते, सेटिंगमध्ये खूण करून आपण चालू करावी लागते. डार्कटेबल स्वतःचा डेटाबेस ठेवतं आणि शेजारी एक्सएमपीही आपणहून लिहितं. रॉथेरपी हे आणखी एक सॉफ्टवेअर पीपी३ फाईल लिहितं, फोटोलॅब डीओपी.

एका सॉफ्टवेअरच्या सूचना दुसऱ्याला कळतील ही आशा सोडा. तारे, रंगांच्या खुणा, कीवर्ड, मथळा एवढं एक्सएमपीतून बहुधा नीट जातं. उजेड, मास्क, रंग सहसा नीट जात नाहीत, कारण प्रत्येकाचं गणित निराळं. लाइटरूमची कलेक्शन्स (आपण केलेले फोटोंचे गट) आणि व्हर्च्युअल कॉपी (एकाच फोटोच्या वेगळ्या बदलांच्या नोंदी) तर एक्सएमपीत लिहिल्याच जात नाहीत. म्हणून जुनं काम नव्या घरात 'हलवणं' असं काही नसतं. जे फोटो पूर्ण झालेत त्यांची मोठ्या आकाराची जेपेग काढून ठेवायची, अगदी मोजक्या लाडक्यांची १६ बिट टिफ, म्हणजे मोठी पण जास्त तपशील राखणारी फाईल. टिफ सगळ्यांची काढू नका. २४ मेगापिक्सेलचा एक फोटो त्यात साधारण १४४ एमबी होतो.

जुना_रोल

शून्यएकशून्य यांनी लिहिलंय ते कोरून ठेवण्यासारखं आहे. माझ्यावर बेतलेलं सांगतो.

फोटो दोन डिस्कवर होते, नेमाने. कॅटलॉग मात्र लॅपटॉपच्या आतल्या डिस्कवर एकटाच. बॅकअप घेताना माझ्या डोक्यात कायम 'फोटो' हाच शब्द असायचा. एका सकाळी लॅपटॉप सुरू झाला नाही आणि डिस्क गेली ती गेलीच. मूळ फोटो एकूण एक शाबूत. सहा वर्षांत त्यांच्यावर केलेलं काम, प्रत्येकाखाली लिहिलेली दोनतीन ओळींची नोंद, कुठला फोटो कुणासोबत फिरताना काढला ते, सगळं गेलं. ती एक्सएमपीची खूण केलेली नव्हती.

फोटो मी पुन्हा केले, काही तर आधीपेक्षा बरे झाले. नोंदी परत लिहिता आल्या नाहीत. ज्यांच्यासोबत फिरायचो त्यातले दोघे आता नाहीत, आणि कोणत्या डोंगरावर कोण होतं ते मला एकट्याला आठवत नाही.

आज उठून ती खूण करा. सॉफ्टवेअर कोणतं ते नंतर ठरवा.

निळाई

काका, वाचून गलबलून आलं. माझी खूण नव्हती. आत्ता केली.

मध्यमा

मीही तपासून आले. माझी होती, पण कॅटलॉगचा बॅकअप त्याच डिस्कवर जात होता. बदलला.

आजीचा_अल्बम

जुना_रोल काकांच्या प्रतिसादामुळे धीर करून लिहितेय. मी पक्ष्यांचे फोटो काढत नाही, खरं तर फोटोच फारसे काढत नाही. माझ्याकडे आजीचे कागदावरचे साधारण चौदाशे जुने फोटो आहेत, ते स्कॅन करतेय. पुष्कळांच्या मागे तिच्या अक्षरात पेन्सिलने नावं आहेत, ती पुसट होत चालली आहेत. मला ती नावं फोटोच्या आतच राहायला हवी आहेत, कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये नकोत. उजेड-रंगाचं मला फार काही करायचं नाही. हा धागा माझ्या प्रश्नासाठी चालेल का?

शून्यएकशून्य

चालेल म्हणजे काय, ताई! तुमच्यासाठी डिजिकॅम हे सॉफ्टवेअर. त्यात चेहरे ओळखायची सोय आहे आणि ते काम तुमच्याच संगणकावर होतं. थोड्या चेहऱ्यांना नावं दिलीत की बाकीच्यांसाठी ते नावं सुचवतं, तुम्ही हो किंवा नाही म्हणायचं. नाव आणि मथळा थेट फाईलच्या आत लिहायची सेटिंग मेटाडेटाच्या पानावर आहे, ती चालू आहे ना ते आधी बघा. मग फाईल कुठेही गेली तरी नावं तिच्यासोबत जातील.

जुना_रोल

आणि ताई, फोटोची मागची बाजूही स्कॅन करा. नाव टंकलेलं वेगळं आणि आजीचं अक्षर वेगळं. फाईलच्या नावात पुढच्याला 'अ' आणि मागच्याला 'ब' जोडलंत की दोन्ही कायम शेजारी राहतील.

टक्स

चार बाय सहा इंचाचा फोटो ६०० डीपीआयवर स्कॅन केला की २४०० बाय ३६०० पिक्सेल मिळतात, साडेआठ मेगापिक्सेलच्या वर. कागदावरच्या फोटोला तेवढं पुष्कळ होतं. ओरखडे घालवायला गिंप या सॉफ्टवेअरमधलं हीलिंगचं साधन पुरेल. पण मूळ स्कॅन कधीही बदलू नका, प्रत काढून तिच्यावर हात चालवा.

आजीचा_अल्बम

मागची बाजू हे सुचलंच नव्हतं. दोनशे झाले होते, ते पुन्हा काढायला घेतलेत. एकाच्या मागे नावांखाली 'डावीकडून तिसरी मी नाही' असं लिहिलेलं सापडलं. कुणीतरी तिला चुकीचं ओळखलं असणार :)

फिरस्ता७

उशिरा आलोय. माझा फुजीचा एक्स-ट्रान्स सेन्सरवाला कॅमेरा आहे. झाडांची पानं काही सॉफ्टवेअरमध्ये गांडुळासारखी वळवळलेली दिसतात. माझंच काही चुकतंय का?

रंगारी

तुमचं काही चुकत नाही. नेहमीच्या सेन्सरवर रंगांच्या चौकटी दोन बाय दोनच्या नक्षीत असतात, एक्स-ट्रान्सवर सहा बाय सहाच्या. ती उलगडायची रीत प्रत्येक सॉफ्टवेअरची वेगळी, आणि वर शार्पनिंग जोरात केलं की पानांवर तसे वळसे उठतात. आधी शार्पनिंग कमी करून बघा. मग तीच एक फाईल कॅप्चर वन आणि रॉथेरपीत उघडा. रॉथेरपीत एक्स-ट्रान्ससाठी '३-पास' ही रीत आहे. पानांचा एकच कोपरा २०० टक्क्यांवर शेजारीशेजारी लावलात की दहा मिनिटांत निकाल लागेल. कुणाचं परीक्षण वाचायची गरज नाही.

निळाई

पाणकावळा गायब झाले. घड्याळ लावलंत की नाही?

पाणकावळा

लावलं! म्हणून तर गायब होतो. दोन रविवार गेले यात.

पहिला रविवार, नेहमीसारखा. १,१४० फोटो. उतरवायला १८ मिनिटं. निवडायला २ तास २५ मिनिटं. संपादन ५० मिनिटं, तेही फक्त ३१ फोटोंचं. नावं टाकली ४ फोटोंना, कारण तोवर झोप आली. एक्स्पोर्ट ६ मिनिटं. निळाईताई, तुम्ही म्हणालात तेच. मी तीन संपादनाची सॉफ्टवेअर जमवून बसलो होतो आणि माझा वेळ जात होता संपादनाच्या आधी.

दुसरा रविवार. शांत बसलेल्या पक्ष्यांना एकेकच फ्रेम, स्पष्टवक्ता यांचं ऐकून. तरी ७६० झाले. निवड फास्टरॉव्ह्यूअरमध्ये केली आणि मध्यमाताईंची फक्त 'हो'ची फेरी. ३८ मिनिटं! मला वाटलं काहीतरी सुटलं असणार, म्हणून दुसऱ्या दिवशी राहिलेले सगळे पुन्हा चाळले. दोनच सापडले घ्यावेसे.

मग त्याच निवडलेल्यांमधले दहा फोटो तिन्ही सॉफ्टवेअरमध्ये केले, प्रत्येकाला घड्याळ लावून. लाइटरूममध्ये सगळ्यात लवकर झाले, सरासरी दीड मिनिट. फोटोलॅबच्या डीपप्राइमने, म्हणजे नॉईज काढायच्या सोयीने, अंधुक उजेडातल्या रातबगळ्याचा फोटो असा स्वच्छ केला की मी खुर्चीत सरसावून बसलो. पण माझ्या लॅपटॉपवर एका फोटोला चार मिनिटांच्या वर लागतात. डार्कटेबलमध्ये पहिला फोटो २२ मिनिटं, दहावा साडेतीन. टक्स यांचा क्रम एका चिठ्ठीवर लिहून पडद्याला चिकटवला होता : आधी अंग, मग पाठ. बगळ्याच्या पाठीवरची पिसं तिन्हींत आली. डार्कटेबलमध्ये पांढऱ्याला जी किंचित उबदार झाक राहिली, त्या सकाळच्या उन्हाची, ती मला बाकी दोन्हींत तशी आणता आली नाही. कदाचित तो माझ्या हाताचा दोष असेल.

तर ठरलं ते असं. निवड फास्टरॉव्ह्यूअरमध्ये, संपादन डार्कटेबलमध्ये. आठवड्याला ३० फोटोंसाठी साडेतीन मिनिटं मला परवडतात. लाइटरूममध्ये एक्सएमपी लिहायची खूण केली आणि पूर्ण झालेल्या सगळ्या फोटोंची जेपेग काढायला लावली आहेत. वर्गणी संपेल तेव्हा संपेल.

मध्यमा

तुमच्या आकड्यांवरून निर्णय बरोबर आहे. माझ्या तीन हजारांतले सहाशे लोकांकडे जातात. सहाशेला फोटोमागे दोन मिनिटं वाढली तर २० तास, म्हणून मी लाइटरूमच ठेवणार.

टक्स

आनंद झाला. दहाव्या फोटोला साडेतीन म्हणजे शंभराव्याला दोनच्या आत याल. रातबगळ्यासारख्या फोटोंचं काय करणार पण? तेवढी सफाई डार्कटेबलमध्ये मिळणार नाही, हे मीच सांगतो.

पाणकावळा

मलाही तेच दिसलं. महिन्यात असे चारपाचच फोटो असतात. फोटोलॅब वर्गणीशिवाय एकदाच विकत घेता येतं, तर चाचणी संपेपर्यंत बघतो की ती गरज खरी आहे का. चार मिनिटांचं दुःख नाही, फोटो लावून ठेवायचा आणि आपण नोंद लिहायला घ्यायची.

जुना_रोल

नोंदी लिहिताय हे वाचून बरं वाटलं. काय काय लिहिता?

पाणकावळा

काका, तुमचं वाचल्यापासून प्रत्येक निवडलेल्या फोटोला तीन गोष्टी : पक्षी, वारा कसा होता, आणि सोबत कोण होतं. परवाच्या खंड्याखाली लिहिलंय, 'वारा पडलेला. धाकटी सोबत होती, थर्मास तिने सांडला, त्या आवाजाने हा उडाला.' फोटोत नुसती रिकामी फांदी आहे, पण ठेवलाय.